ढवळीचे दूध कमी होत आहे, पिल्लांना पहिले अन्न कोणते आणि कसे द्यावे?

वाई तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र :

‘आमच्या घरामागच्या गोठ्यात आमची गावठी कुत्री ढवळी सहा पिल्ले व्याली, त्याला आज २५ दिवस झाले. चार दिवसांपासून ती पिल्लांजवळ फारशी बसत नाही. पिल्ले दूध प्यायला आली की गुरगुरते, कधी उठून निघून जाते. पिल्ले उपाशी राहतील म्हणून आम्ही त्यांना गाईच्या दुधात पाणी घालून आणि ग्लुकोजची बिस्किटे कुस्करून देऊ लागलो, तर तीन पिल्लांना पातळ जुलाब सुरू झाले. पाच पिल्ले सव्वा ते दीड किलोची आहेत, पण सर्वांत धाकटी चिंगी ९०० ग्रॅमच्या पुढे जात नाही. दोनदा असेही झाले, की ढवळीने खाल्लेले अन्न पिल्लांसमोर ओकून टाकले आणि पिल्लांनी ते चाटून खाल्ले. ते बघवले नाही, म्हणून आम्ही तिला हाकलले. आमच्या घरी मांस किंवा अंडे शिजत नाही. शेजारचे दोघे महिना भरताच पिल्ले न्यायला येणार आहेत. तोवर त्यांचे दूध तोडायचे कसे, आणि ढवळीचे दूध बंद कसे करायचे, ते कृपया सांगावे.’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील जुलाब आणि चिंगीचे वजन या दोन गोष्टींना आज उत्तर हवे आहे, म्हणून त्यांपासूनच सुरुवात करते. गाईचे दूध आणि बिस्किटे आजपासून पूर्णपणे थांबवा. कुत्रीच्या १०० ग्रॅम दुधात साधारण ७ ते ८ ग्रॅम प्रथिने आणि ९ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, तर गाईच्या दुधात प्रथिने ३ ग्रॅमच्या थोडी वर आणि स्निग्धांश ४ ग्रॅमच्या आत असतो. उलट लॅक्टोज ही दुधातली साखर कुत्रीच्या दुधापेक्षा गाईच्या दुधातच जास्त असते. त्यामुळे आईच्या दुधातून मिळते तेवढीच ऊर्जा गाईच्या दुधातून मिळवायची झाली, तर पिल्लाच्या पोटात सुमारे तिप्पट लॅक्टोज जाते. ते पूर्ण पचत नाही, आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. पाणी घालून दूध हलके होते ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत असली, तरी त्याने आधीच कमी असलेली प्रथिने आणखी कमी होतात आणि पिल्लाचे पोट नुसत्या पाण्याने भरते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असला तरी लॅक्टोजची अडचण तशीच राहते. बिस्किटांत मैदा, साखर आणि वनस्पती तेल यांपलीकडे वाढत्या पिल्लाच्या उपयोगाचे फारसे काही नसते.

दूध थांबवल्यावर साधे जुलाब बहुधा एका दिवसात आटोक्यात येतात. मात्र शौचात रक्त दिसले, पिल्लू ओकू लागले, दूध प्यायला उठेनासे झाले किंवा त्याच्या हिरड्या ओल्या न राहता बोटाला चिकट लागू लागल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, कारण एवढ्या लहान शरीरात पाण्याचा साठा फार थोडा असतो आणि काही तासांतच प्रकृती बिघडते. माणसांसाठीच्या जुलाबाच्या किंवा तापाच्या गोळ्या, अगदी पाव गोळीसुद्धा, देऊ नका.

या जुलाबांमागे जंतही असू शकतात आणि पत्रात जंताच्या औषधाचा उल्लेख नाही, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे. कुत्रीच्या शरीरात दडून राहिलेल्या गोल जंतांच्या अळ्या गर्भातच पिल्लांच्या अंगात शिरतात आणि अंकुशकृमी आईच्या दुधावाटे जातात. म्हणजे गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी पिल्ले जंत घेऊनच वाढत असतात. म्हणूनच पिल्लांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात जंताचे औषध देण्याची पद्धत आहे, आणि त्याच वेळी आईलाही ते दिले जाते. तुमची पहिली वेळ टळून गेली आहे, तेव्हा या आठवड्यातच पिल्लांची वजने लिहून नेऊन डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा ठरवून घ्या. हातपाय बारीक आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे ताणलेले दिसत असेल, तर ते पिल्लू धष्टपुष्ट आहे असे समजू नये. हेच गोल जंत लहान मुलांच्याही पोटात जाऊ शकतात, म्हणून पिल्लांशी खेळून आलेल्या मुलांना साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू देऊ नका आणि पिल्लांची विष्ठा रोज उचलून पुरा.

आता ढवळीच्या वागण्याविषयी. ती निर्दय झालेली नाही आणि आजारीही नसावी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांना दुधाचे दात फुटू लागतात, त्यांची नखे सुईसारखी असतात आणि एकाच वेळी सहा तोंडे सडांना झोंबतात. त्यात याच सुमारास तिच्या शरीरावर दूध निर्माण करण्याचा ताण सर्वाधिक असतो. तेव्हा ती उठून जाते, गुरगुरते, कधी पिल्लाचे तोंड आपल्या जबड्यात हलकेच धरते. दूध तोडण्याचे काम ती स्वतःच सुरू करत असते आणि ते आठवड्या-दोन आठवड्यांत नव्हे, तर महिनाभर हळूहळू चालते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत मनबी पॉल आणि अनिंदिता भद्र यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची प्रत्यक्ष निरीक्षणे करून २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच ओढाताण दिसते : पिल्ले मोठी होतात तशी आई स्वतःहून पाजायचे टाळू लागते आणि पिल्ले मात्र अधिकाधिक मागत राहतात, इतकी की संधी मिळाली तर दुसऱ्या दूध देणाऱ्या मादीचेही दूध चोरून पितात. तुमच्या गोठ्यात जे चालले आहे ते गावोगावच्या कुत्र्यांमध्ये असेच चालते. तुम्हाला त्यात दोनच गोष्टी करायच्या आहेत. ढवळीला पिल्लांपासून दूर जाता येईल अशी एक उंच जागा द्या. पिल्लांना चढता येणार नाही असा ओटा किंवा जुनी बाज पुरेशी आहे. आणि पिल्लांच्या नखांची टोके आठवड्यातून एकदा कापा, मात्र फक्त पांढरे टोक कापावे, आतल्या गुलाबी भागाला धक्का लागू देऊ नये. सडांवरचे ओरखडे थांबले की ती अधिक वेळ पाजते, असे बहुतेक वेळा दिसून येते.

ओकलेले अन्न पिल्लांनी खाणे तुम्हाला बघवले नाही, हे मी समजू शकते. परंतु त्यासाठी तिला हाकलू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. लांडग्यांपासून चालत आलेली ही पिल्लांना भरवण्याची पद्धत आहे. आई खाऊन येते, पिल्ले तिच्या तोंडाला चाटू लागतात आणि ती अर्धवट पचलेले, कोमट, मऊ अन्न त्यांच्यासमोर टाकते. पिल्लांचे पहिले घन अन्न निसर्गाने असेच ठरवले आहे आणि त्यातून ढवळी पिल्लांची भूक ओळखते आहे हेच सिद्ध होते. अडचण फक्त तिने काय खाल्ले आहे याची आहे. हाड, भाकरीचे मोठे वाळलेले तुकडे, तिखट भाजी किंवा उकिरड्यावरचे काही तिने खाल्ले असेल, तर तेही पिल्लांच्या वाट्याला येते. म्हणून पुढचे काही आठवडे तिला ठरलेल्या वेळेला, घरातच, मऊ आणि बिनमसाल्याचे अन्न द्या. तिने ओकल्यावर ती मरगळलेली दिसली, ओकलेले स्वतःच्याही पिल्लांना खाऊ देईनाशी झाली किंवा दिवसभर ओकतच राहिली, तर मात्र ते आजाराचे लक्षण समजावे.

पिल्लांचे पहिले अन्न कसे असावे, हा तुमच्या पत्राचा गाभा आहे, आणि तुमच्या घरच्या आहाराचा विचार करता त्याला थोडे सविस्तर उत्तर द्यायला हवे. पिल्लांसाठी तयार मिळणारे कोरडे खाद्य आणा. पिशवीवर ते ‘पिल्लांसाठी’ किंवा ‘वाढीच्या वयासाठी’ असून ‘संपूर्ण आहार’ आहे असे लिहिलेले असावे. मोठ्या कुत्र्यांचे खाद्य स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. त्याला शिजवावे लागत नाही, त्यामुळे तुमच्या स्वयंपाकघराचा प्रश्न येत नाही. खाद्य, त्याची भांडी आणि चमचा गोठ्यातच वेगळे ठेवता येतील. पूर्ण शाकाहारी खाद्येही बाजारात मिळतात आणि प्रौढ कुत्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली तशा आहारावर राहू शकतो. तरीही वाढत्या पिल्लाला, त्यातही चिंगीसारख्या मागे पडलेल्या पिल्लाला, प्राणिज प्रथिने असलेलेच खाद्य द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या घरातील ज्येष्ठांना ते रुचणार नसेल, तर ढवळीने गोठ्याबाहेर जाऊन काय काय खाल्ले असेल ते त्यांच्यासमोर नम्रपणे मांडून पाहावे.

वरण-भात आणि दूध-भाकरीवर गावात कुत्री वाढतात, हे खरे आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या अन्नावर जगत आल्यामुळे धान्यातले पिष्ट पचवण्याची ताकद त्याच्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त आली आहे. स्वीडनमधील उपसाला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली त्यामागचा जनुकीय फरकही दाखवून दिला. परंतु ही ताकद तीन-चार आठवड्यांच्या पिल्लात अजून पुरती आलेली नसते. शिवाय नुसत्या वरण-भातात कॅल्शियम आणि प्रथिने इतकी कमी पडतात की हाडे वाकलेली, वारंवार लंगडणारी पिल्ले गावागावांत दिसतात. भात द्यायचाच झाला, तर खिमट करतो तसा अगदी गाळ शिजवून, मिठाशिवाय, आणि तयार खाद्याच्या निम्म्याहून कमी प्रमाणात द्यावा. त्यात एखादा चमचा ताजे, आंबट नसलेले दही किंवा कुस्करलेले पनीर चालते. कांदा, लसूण, बेदाणे, मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात. उरलेल्या आमटीत किंवा भाजीत कांदा-लसूण असतोच, म्हणून खरकटे कधीही देऊ नये. चिकन शिजणाऱ्या घरांतील वाचकांसाठी सांगते, की हाडे काढून उकडलेले बारीक चिकनही उत्तम. पण तेवढ्यावरच पिल्लू वाढवू नये, कारण नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसते, आणि शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात.

सुरुवातीला एक वाटी खाद्य तीन वाट्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि रवीने किंवा मिक्सरमध्ये इतके एकजीव करा, की ते पेजेसारखे ओघळेल. कुत्र्यांसाठीची दुधाची भुकटी मिळाली, तर पाण्याऐवजी तिचे दूध करून वापरले तरी चालेल. अन्न अंगाला लागेल इतपत कोमट असावे. थंड अन्नाला वास येत नाही आणि पिल्ले ते हुंगून सोडून देतात. खोल भांड्यात नाके बुडतात, म्हणून काठ बसका असलेली रुंद ताटली घ्या. पहिल्या दिवशी पिल्ले त्यात पाय घालतील, अंग माखून घेतील, शिंकतील आणि खातील फार थोडे; बोटाला थोडे लावून ओठांशी नेले, की चव कळते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती स्वतःच चाटू लागतात. चमच्याने किंवा सिरिंजने घशात ओतू नका आणि पिल्लाला उताणे धरून काहीही पाजू नका, कारण अन्न श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते आणि ती बहुधा जीवावर बेतते.

जेवणाआधी तासभर ढवळीला बाजूला न्यावे, म्हणजे पिल्लांना पुरेशी भूक लागते. वीस मिनिटांनी ताटली उचलावी, पिल्लांना ओल्या कोमट फडक्याने पुसून कोरडे करावे आणि मग ढवळीला आत सोडावे. ती उरलेले चाटेल, पिल्लांना स्वच्छ करील आणि पाजीलही. तिने पाजणे या टप्प्यावर अजून हवेच आहे. असे पहिले दोन-तीन दिवस दिवसातून दोनदा, मग तीनदा आणि पाचव्या आठवड्यापर्यंत चारदा करावे. प्रत्येक चार-पाच दिवसांनी पाणी थोडे कमी करत गेले, की पाचव्या आठवड्यात अन्न घट्ट लापशीसारखे, सहाव्यात नुसते ओलसर आणि सातव्या-आठव्या आठवड्यात कोरडे दाणे खाण्याइतपत पिल्ले तयार होतात. अन्न घट्ट केल्यावर जुलाब झाले, तर दोन दिवस मागच्या टप्प्यावर यावे. एका पसरट, उथळ थाळीत ताजे पाणी आजपासूनच कायम ठेवा. घन अन्न सुरू झाले की तहान लागते आणि आईचे दूध तिला पुरे पडत नाही. उरलेले भिजवलेले खाद्य फेकून द्यावे, ते उन्हाळ्यात तासा-दोन तासांत आंबते.

चिंगीला या सर्वांबरोबर एकाच ताटलीवर सोडू नका. तिला आधी, वेगळ्या वाटीत, एकटीला भरवा आणि त्यानंतरच भावंडांत मिसळू द्या. ढवळी पाजायला बसली, की तिला सर्वांत मागच्या सडांशी लावून द्या, कारण तिथे सहसा दूध अधिक असते, आणि दांडगी पिल्ले दोन मिनिटे बाजूला धरा. दररोज एकाच वेळी, जेवणाआधी, स्वयंपाकघरातल्या किंवा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सहाही पिल्लांचे वजन करून वहीत लिहा. गळ्यात वेगवेगळ्या रंगांचे लोकरीचे सैल धागे बांधले, तर गोंधळ होत नाही. पिल्लू मोठे होऊन जितक्या किलोचे होईल असे वाटते, त्याच्या प्रत्येक किलोमागे दररोज साधारण २ ते ४ ग्रॅम वाढ अपेक्षित असते. ढवळी १६ किलोच्या आसपास असेल, तर प्रत्येक पिल्लाचे वजन दिवसाला साधारण ३२ ते ६४ ग्रॅमने वाढले पाहिजे. चिंगीचे वजन सलग दोन दिवस वाढले नाही, किंवा एका दिवसात घटले, तर तिला डॉक्टरांना दाखवा. ती लुळी, थंडगार किंवा लडखडताना आढळली, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते : तिला अंगाशी धरून ऊब द्या, साखरेच्या पाकाचे किंवा मधाचे बोट हिरड्यांवर चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब आणि नंतरच अन्न द्यायचे, कारण गारठलेल्या शरीरात आतडे काम करत नाही.

पिल्ले महिना भरताच देण्याच्या बाबतीत मला शेजाऱ्यांची बाजू घेता येत नाही. दूध सुटले म्हणजे पिल्लू तयार झाले, असे नसते. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी झटापट करताना चावण्याचा जोर आवरायला शिकते, आईच्या गुरगुरण्याचा अर्थ ओळखते आणि माणसांच्या सहवासाला सरावते. ३० दिवसांचे पिल्लू उचलले तर यातला मोठा भाग हुकतो आणि पुढे तेच कुत्रे घरच्या मुलांना जोराने चावते, घाबरून भुंकते. भारत सरकारच्या २०१७ सालच्या श्वान प्रजनन व विक्री नियमांतही ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. तुम्ही पिल्ले विनामूल्य देत असाल, तरी ती वयोमर्यादा ठरवण्यामागची कारणे तुमच्या पिल्लांनाही लागू पडतात. शेजाऱ्यांना सांगा, की पिल्लू पसंत करून आजच दोरा बांधून ठेवा, हवे तर रोज येऊन त्याला जवळ घ्या, परंतु न्यायचे ५६ दिवस भरल्यावर. त्यांनी येताना चपला बाहेर काढून हात धुवावेत, कारण पार्वो हा विषाणू चपलांवरून येतो, मातीत महिनोन्महिने टिकतो आणि लस न घेतलेल्या पिल्लांची अख्खी वेत घेऊन जातो. पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, नंतरच्या मात्रा डॉक्टर सांगतील त्या अंतराने, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी. नेणाऱ्याच्या हातात लसीची आणि जंताच्या औषधाची नोंद असलेला कागद द्या, आणि पंधरा दिवस पुरेल एवढे तेच खाद्यही द्या, म्हणजे घर आणि अन्न एकाच दिवशी बदलणार नाही.

ढवळीचे दूध बंद करण्यासाठी आज काहीही करू नका. सहा पिल्लांना पाजताना चौथ्या आठवड्याच्या सुमारास तिची भूक नेहमीच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि तिला फक्त भाकरी मिळत असेल तर ती आपले हाड-मांस झिजवून दूध देत असते. तिलाही पिल्लांचेच तयार खाद्य दिवसातून तीनदा पोटभर द्या. या काळात ती थरथरू लागली, पाय ताठ करून चालू लागली, अस्वस्थ होऊन धापा टाकू लागली किंवा तिला झटके आले, तर तिच्या रक्तातले कॅल्शियम घसरलेले असते आणि काही तासांत शिरेवाटे उपचार न मिळाल्यास ती दगावू शकते. अशा वेळी पिल्लांना तिच्यापासून लगेच वेगळे करून रात्र असली तरी डॉक्टरांना गाठा. सहावा आठवडा उलटल्यावर तिचे अन्न हळूहळू कमी करून नेहमीच्या प्रमाणावर आणावे आणि दिवसातून मोजक्याच वेळा पाजू द्यावे. आठव्या आठवड्यात पिल्ले गेल्यावर एक दिवस तिला अगदी थोडे अन्न द्यावे, पाणी मात्र भरपूर ठेवावे, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत अन्न पूर्ववत करावे. सड भरलेले दिसले तरी ते पिळू नका, त्याने दूध अधिक येते. एखादा सड लाल, गरम, दगडासारखा कठीण झाला, किंवा त्यातून पिवळट-रक्ताळ स्राव आला, तर ती कासेची सूज असते आणि तिला औषधाची गरज असते. पिल्ले एकेक करून दिली, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या अंतराने, तर दूध आपोआप ओसरते आणि हा त्रास सहसा होतच नाही.

दूध पूर्ण आटून सड आक्रसल्यावर, साधारण महिनाभराने, ढवळीची नसबंदीची शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस यांची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कुत्री वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते, त्यामुळे पुढचा माज यायच्या आत ते काम होईल अशी तारीख मागा. तोवर पुढच्या आठ दिवसांतील पिल्लांच्या वजनांची नोंद मला पाठवल्यास चिंगीच्या आहारात काही बदल हवा का, ते पुढच्या सदरात सांगता येईल.